आशाताईची वही आणि आशाताईचा फोन

श्रोतेहो, तुमच्या घरातल्या लहानग्याचं लसीकरणाचं कार्ड तुम्ही कुठं ठेवलं आहे? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देण्याआधी पुष्कळांना उठून घर धुंडाळावं लागेल. कुणी ते ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवतं, कुणी देवाच्या तसबिरीमागं, तर कुणी रेशनकार्डाबरोबर पिशवीत घालून खुंटीला टांगतं. जवळजवळ तीस वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून डॉक्टर म्हणून काम केलं. तेवढ्या काळात भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली, चुलीच्या धुरानं पिवळी पडलेली कितीतरी कार्डं माझ्या हातात आली. एका कार्डावर तर होडीच्या घड्या स्पष्ट दिसत होत्या. थोरल्या भावानं ते ओढ्यात सोडलं होतं आणि आईनं धावत जाऊन काढलं होतं.

कार्ड भिजलं तरी हरकत नाही. ते हाताशी तर आहे! पण ते हाताशीच नसलं म्हणजे काय होतं, याची एक हकीकत सांगतो.

डिसेंबरचे दिवस होते. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता आणि उसाच्या फडाजवळ बीडकडची एक टोळी कोप्या टाकून उतरली होती. आम्ही लसीकरणाला गेलो. एक बाई कडेवर मूल घेऊन आली. हातात कोयता तसाच होता. नर्सबाईंनी कार्ड मागितलं. "गावाकडं राहिलं बाई, सासूपाशी हाय," ती म्हणाली. किती सुया झाल्या असं विचारलं, तर म्हणाली, "झाल्यात की. दोन झाल्या. तीन बी झाल्या असतील." नर्सबाईंनी मुलाचा डावा दंड उघडून पाहिला. तिथं बीसीजीचा व्रण होता, तेव्हा ती लस झाली असावी. पण बाकीच्या लसी अशी खूण मागं ठेवत नाहीत, त्या झाल्या की नाही हे मुलाच्या अंगावर वाचता येत नाही. मूल मार्चमध्ये जन्मलेलं होतं, म्हणजे त्याचे नऊ महिने नुकतेच भरले होते. गोवराची लस आम्ही टोचली आणि एका चिठ्ठीवर तारीख लिहून दिली. आईनं ती चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधली. ती गाठ पुढं गावापर्यंत पोचली की वाटेत सुटली, ते मला ठाऊक नाही.

आता जरा हिशेब करून पाहा. आजच्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेल्या मुलाचे नऊ महिने नोव्हेंबर-डिसेंबरात भरतात. म्हणजे ज्या वेळी नर्सबाई गावात त्याची वाट पाहते, नेमक्या त्याच वेळी ते मूल आईबापांबरोबर तिथून दोनशे-तीनशे किलोमीटर दूर कोपीत असतं. गावच्या वहीत त्याच्या नावापुढं 'बाहेरगावी' असं लिहिलं जातं, आणि फडाजवळच्या केंद्राच्या वहीत त्याचं नावच नसतं. दोन्ही वह्या आपापल्या परीनं बरोबर असतात आणि मूल मात्र दोन्हींच्या मधून निसटतं.

फोनमधल्या नोंदीचा खरा उपयोग इथं आहे, श्रोतेहो. कागदाचं कार्ड एका जागी राहतं, पण अशी नोंद मूल जिथं जाईल तिथं उघडता येते. २०१८ सालानंतर आपल्याकडं या गोष्टीबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण कल्पना त्याहून जुनी आहे. माता-बालकांची नावानिशी नोंद संगणकात ठेवायचं काम २००९-१० च्या सुमारास सुरू झालं. करोनाच्या लसीसाठी को-विन आलं, आणि त्याच धर्तीवर मुलांच्या व गरोदर मातांच्या लसींसाठी यू-विन नावाची व्यवस्था २०२३ साली काही जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली. बीडच्या नर्सबाईंनी टोचलेली लस कोल्हापूरच्या नर्सबाईंना दिसावी, हा तिचा एक हेतू.

मग अडतं कुठं? मोठ्या शहरांतल्या बैठकींना जाण्याचा योग मला पुष्कळदा आला. तिथं एक वाक्य हमखास ऐकू येई: "खेड्यातल्या बायकांना हे तंत्र जमत नाही." मला हे पटत नाही. जी आशाताई भजनी मंडळाचे निरोप फोनवरून साऱ्या वाडीला पाठवते, मुंबईला असलेल्या मुलाशी रोज रात्री त्याचं तोंड पाहून बोलते, तिला चार रकाने भरता येत नाहीत असं कसं म्हणावं? अडचण तिच्या बोटांत नाही. तिच्यापुढं जे ठेवलं आहे, त्यात ती पाहायला हवी.

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. वर्तमानपत्रांत मोर्च्यांची छायाचित्रं आली. काहींनी तेव्हा नाक मुरडलं की, पाहा, यांना नवं काही नकोच. पण त्या बाया काय म्हणत होत्या? फोनची शक्ती थोडी, तो सारखा अडकतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या पदरचा, आणि ज्यात मुलांच्या पोषणाची माहिती भरायची ते अ‍ॅप इंग्रजीत. ज्या बाईनं आयुष्यभर मराठीत हजेरी लिहिली, वजन लिहिलं, घरभेटी लिहिल्या, तिला एका सकाळी सांगायचं की आता मुलांची नावं रोमन लिपीत लिही! आपल्यापैकी किती जण 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजी अक्षरांत दोनदा एकसारखं लिहू शकतील? गुरुजी, तुम्हीच सांगा. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं, अशी नावाची तीन रूपं झाली की मातेला मिळायचं अनुदान अडकून बसतं, आणि ती बाई आशाताईच्या दाराशी येऊन विचारते, "माझं पैसं कुठं गेलं?"

दुसरी अडचण दुहेरी लिखाणाची. आमच्या केंद्रातल्या एका नर्सबाईंनी एकदा मला लसीकरणाच्या दिवसाचा हिशेबच मांडून दाखवला. मूल आलं की आईच्या कार्डावर लिहायचं, कार्डाच्या आपल्याकडच्या अर्ध्यावर लिहायचं, मोठ्या रजिस्टरात लिहायचं, दिवसाच्या बेरजेच्या कागदावर खूण करायची, आणि घरी गेल्यावर हेच सगळं पुन्हा संगणकाच्या नोंदीत भरायचं. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यातली कुठली वही बंद करू ते सांगा. मी फोनवर भरायला तयार आहे." मी वर विचारलं. उत्तर आलं की, तूर्त सर्व चालू ठेवावं. ते 'तूर्त' मी निवृत्त होईपर्यंत संपलं नव्हतं. नवं यंत्र आणायला पुष्कळ सह्या मिळतात, पण जुनी वही बंद करायची सही करायला कुणी धजत नाही. मग फोन हा हलकेपणा न आणता पाचवी वही होऊन बसतो.

रेंजचं दुखणं तर तुम्हाला ठाऊकच आहे. सातपुड्याच्या कुशीत, मेळघाटात, भामरागडकडं, आणि अगदी पुण्याच्या घाटमाथ्यावरसुद्धा अशा वाड्या आहेत की जिथं फोन म्हणजे बॅटरी आणि घड्याळ. याला उपाय नाही असं नाही. नोंद फोनमध्येच साठवायची आणि रेंज मिळेल तेव्हा ती पुढं जाईल, अशी सोय करता येते. नर्सबाईंसाठी २०१६ साली आलेल्या 'अनमोल' या अ‍ॅपमध्ये ती ठेवलेलीही होती. जिथं अशी सोय नसते, तिथं आशाताई तिन्हीसांजेला टेकडीवर जाऊन हात उंच करून उभी राहते.

आणि तो ओटीपी! याची तर गंमतच आहे. गावात पोलीस येऊन सांगून गेले, रेडिओवरही सांगतात, बँकेच्या भिंतीवर लिहिलंय, की फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगू नका, सांगितलात तर खातं रिकामं होईल. लोकांनी हे शहाणपण पदराला बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आशाताई दारात येते आणि म्हणते, "काकू, तुमचा आभा क्रमांक काढायचाय, फोनवर आकडा येईल तेवढा सांगा." काकूंनी काय करावं? बरं, फोन काकूंचा नसतोच, तो असतो धन्याच्या खिशात आणि धनी असतात रानात. तिथून ओटीपी ओरडून सांगेपर्यंत त्याची मुदत संपते. हा जो आभा क्रमांक म्हणतात, तो चौदा आकडी आरोग्य क्रमांक. तो घेणं ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही, हेही पुष्कळांना सांगितलेलं नसतं. सक्ती समजून दिलेली माहिती आणि समजून उमजून दिलेली माहिती यांत फरक पडतो. क्षयाचा रोगी असेल, दिवस गेलेली अविवाहित मुलगी असेल, तर आपली नोंद कोण कोण पाहणार हा प्रश्न तिच्या मनात येणारच. त्याला उत्तर न देता क्रमांक मागणं बरं नव्हे.

करोनाच्या काळात हीच गोष्ट साऱ्या देशानं एकदम पाहिली. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं. १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी दार उघडलं, पण त्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली इंटरनेटवर होती. आधी नोंदणी करा, वेळ मिळवा, मगच केंद्रावर या. शहरातली पोरं बोटांनी चपळ, त्यांनी खेड्यातल्या केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि मोटारी घेऊन लसीला आली. त्या केंद्रासमोरच घर असलेला गडी ओट्यावर बसून ती रांग पाहत राहिला. रागावण्यासारखीच गोष्ट होती ती. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करायची मुभा मिळाली. ज्यांच्याकडं साधनच नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानंही ३१ मेच्या आदेशात सरकारला विचारला. जूनमध्ये को-विनवर मराठी आली, आणि २१ जूनपासून सरसकट सर्वांना केंद्रावर जाऊन नाव घालता येऊ लागलं. तीच व्यवस्था, तोच संगणक, फक्त नाव घालणारा हात बदलला. नागरिकाच्या हाताऐवजी तो आरोग्य कर्मचाऱ्याचा झाला. जुलै २०२२ पर्यंत देशात दोनशे कोटी डोस झाले, ते दारावरचं कुलूप काढल्यावर.

आता एक गुन्हा माझा स्वतःचाही कबूल करतो. संगणकातून माझ्यापुढं दर महिन्याला एक तक्ता यायचा. काम कमी असलेली गावं त्यात लाल रंगात दिसायची. मासिक सभेत मी तो तक्ता भिंतीवर दाखवायचा आणि लाल गावांच्या ताईंना उभं करायचा. दोन-तीन महिन्यांत तक्ता हिरवागार झाला. मी खूश! मग एक दिवस सहज बाळांच्या जन्मवजनांचा रकाना वाचत बसलो. बाळ अडीच किलोच्या खाली असेल तर ते कमी वजनाचं मानतात, त्याच्याकडं जास्त लक्ष पुरवावं लागतं. त्या महिन्यात आमच्या हद्दीतली बहुतेक सगळी बाळं नेमकी अडीच किलोची जन्मली होती. देवानं तराजू घेऊन पाठवल्यासारखी! ताईंचं काय चुकलं? लाल आकड्याला बोलणी मिळतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं. ज्या बाळांना खरी मदत हवी होती ती माझ्या हिरव्या रंगाखाली झाकली गेली.

त्यानंतर मी एक गोष्ट शोधू लागलो: हे तंत्र कुठं नीट चाललं, आणि का? दोन उदाहरणं मला पटली.

पहिलं लसींच्या शीतपेटीचं. लस दोन ते आठ अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते. उष्णतेनं ती बिघडते हे सर्वांना माहीत असतं, पण काही लसी गोठल्या तरी वाया जातात, हे कमी लोकांना ठाऊक आहे. पूर्वी तापमान दिवसातून दोनदा पाहून कागदावर लिहीत. रात्री दोन वाजता वीज गेली, तर पेटीत काय झालं ते सकाळी कुणालाच कळत नसे. २०१५ साली ई-विन नावाची व्यवस्था बारा राज्यांत सुरू झाली आणि पुढं देशभर पसरली. शीतपेटीत एक छोटं यंत्र बसवतात, ते तापमान मोजून आपल्या आपण पाठवत राहतं. तापमान मर्यादेबाहेर गेलं की पेटी सांभाळणाऱ्याच्या फोनवर संदेश येतो. शिवाय कोणती लस किती शिल्लक आहे, हेही तो फोनवर भरतो. इथं पाहा, माहिती भरणाऱ्यालाच तिचा उपयोग होतो. त्याची लस वाचते, त्याच्यावरचा ठपका वाचतो, शेजारच्या केंद्रात जादा साठा असेल तर तिकडून मागवता येतो. मग त्याला 'भर रे बाबा' म्हणून मागं लागावं लागत नाही.

दुसरं उदाहरण क्षयरोगाच्या गोळ्यांचं. क्षयाची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, आणि बरं वाटू लागलं की माणूस ती सोडतो. पूर्वी रोगी कार्यकर्त्यासमोर येऊन गोळी गिळायचा. रोजगार बुडवून रोज कोण येणार? मग गोळ्यांच्या पाकिटाला बाहेरून एक कागदी वेष्टण घालण्याची युक्ती निघाली. गोळी बाहेर काढली की वेष्टणामागं दडलेला फोन नंबर दिसतो. त्या नंबरावर फुकटचा मिस कॉल द्यायचा, की आजची गोळी घेतल्याची नोंद झाली. त्याला भारी फोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, अक्षरओळखसुद्धा फारशी लागत नाही. कॉल आला नाही की कार्यकर्ता चौकशी करतो. गोळी काढून फेकून देणारा, किंवा गोळी घेऊनही कॉल विसरणारा असतोच, हे कबूल; तेव्हा त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पण मिस कॉल ही आपल्या लोकांची जुनी सवय आहे, आणि तिचाच आधार घेण्याची बुद्धी कुणाला तरी झाली, याचं मला कौतुक वाटतं.

आता तुम्ही ज्या माध्यमातून हे भाषण ऐकता, त्याचीच एक जुनी गोष्ट. रेडिओही एके काळी खेड्यात नवाच होता. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्रानं युनेस्कोच्या साहाय्यानं एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत १५० गावं निवडली आणि प्रत्येक गावात शेतकऱ्यांचं एक श्रोता-मंडळ बनवलं. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, मग आपसांत चर्चा करीत, आणि पडलेले प्रश्न केंद्राला लिहून पाठवीत. केंद्र पुढच्या कार्यक्रमातून उत्तरं देई. टाटा समाजविज्ञान संस्थेनं याची पाहणी केली, पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. मंडळं असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत चांगली भर पडलेली दिसली. परंतु ज्या गावांत रेडिओ होता आणि मंडळ नव्हतं, तिथं फारच थोडी भर पडली. खोकं दोन्हीकडं सारखंच होतं! फरक चार माणसांच्या बैठकीचा होता, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येण्याचा.

आजच्या आशाताईला हेच मिळत नाही. ती माहिती वर पाठवते, वरून काहीच परत येत नाही. तिनं चारशे घरांची नोंद केली, तर पुढच्या आठवड्यात तिच्या फोनवर मराठीत इतकं तरी उमटावं: 'ताई, तुमच्या गावात या पाच बाळांची लस राहिली आहे, या दोन बायांचं रक्त कमी आहे, आधी त्यांच्याकडं जा.' एवढं मिळालं तर ती टेकडीवर आनंदानं चढेल. आणि महिन्यातून एकदा आठ-दहा ताईंनी एकत्र बसून, ज्या ताईला फोन चांगला जमतो तिनं बाकीच्यांना दाखवावं. जिल्ह्याच्या सभागृहात पंख्याखाली दिलेल्या एका दिवसाच्या प्रशिक्षणापेक्षा हे अधिक उपयोगी पडतं, हे मी पाहिलं आहे.

गुरुजनहो, तुमच्याशी दोन शब्द बोलतो. शाळेची माहिती संगणकात भरण्यासाठी तुम्हीही रात्री जागवल्या आहेत, तेव्हा हे दुःख तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. पण एक काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या गावांत मुकादमाचे ट्रक लागतात आणि तुमच्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर जातात. त्यांच्या मागं कडेवरची भावंडंही जातात. टोळी निघायच्या आधीच्या आठवड्यात त्या आईबापांना एवढं सांगा की लसीच्या कार्डाचा एक फोटो आपल्या फोनमध्ये काढून घ्या, आणि फोन साधा असेल तर कार्ड पिशवीत घालून बरोबर न्या, सासूपाशी ठेवू नका. पोरांना सांगितलंत तरी चालेल. आईपेक्षा पोरं अशा गोष्टी नीट लक्षात ठेवतात.

आणि भगिनींनो, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंनी तुमच्या बाळाची नोंद फोनवर भरली, की लाजू नका, जरा थांबा. म्हणा, "बाई, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." बाळाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, पुढची लस केव्हा. चुकलं असेल तर तिथंच, त्याच मिनिटाला दुरुस्त होतं. पुढं डिसेंबरच्या थंडीत परक्या फडावर, हातात कोयता आणि कडेवर मूल घेऊन ते दुरुस्त करता येत नाही.